सुलतान बाजारातली गाजराची तवसळी

गाजराच्या केकवर इतिहासाचा लेख लिहायचा म्हणजे वाचकांना जरा गंमत वाटेल. मलाही वाटली होती. पण हा केक मी पहिल्यांदा खाल्ला तो हैदराबादच्या सुलतान बाजारात, करणारी माझी मावशी आमच्या अंत्रुज महालातली, आणि त्या केकच्या मागे तिने कित्येक वर्षे कोणालाच न सांगितलेली एक गोष्ट होती. ती सांगायची तर आधी बाजाराबद्दल सांगावे लागते, आणि आपल्या गोंयकारांचा विषय असल्यामुळे पावाबद्दलही. तेव्हा वाचकांनी थोडा धीर धरावा.

मावशी 1964 साली लग्न होऊन तिकडे गेली. गोवा मुक्त होऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती. मुलगी एवढ्या लांब दिली म्हणून आजी कित्येक दिवस रडत होती म्हणे. गाड्या बदलत, लोंढा-हुबळी करत काचीगुड्याला उतरायचे आणि तिथून सायकलरिक्षाने सुलतान बाजार. मी लहानपणी एकदा आणि पुढे मोठेपणी चार-पाच वेळा गेलो. समोर कापडाची, बांगड्यांची, भांड्यांची दुकाने आणि त्यांच्या मागे बोळात शिरले की जुने चौकाचे घर. बोळात तेलुगू, उर्दू, मारवाडी, कन्नड आणि मराठी अशा पाच भाषा ऐकू येत. मावशीच्या सासरची मराठी तर निराळीच. 'हो'ला 'हौ' आणि 'नको'ला 'नक्को'.

या बाजाराचे जुने नाव रेसिडेन्सी बाजार. निजामाच्या दरबारी इंग्रजांचा जो रेसिडेंट असे त्याची कोठी इथे होती, म्हणून आजही त्या भागाला कोठी म्हणतात. जेम्स अकिलीज कर्कपॅट्रिक या रेसिडेंटने 1803 च्या सुमारास ती बांधायला घेतली. हैदराबादच्या खैरुन्निसा बेगमशी लग्न करणारा तो हाच कर्कपॅट्रिक. कोठीच्या आसपासच्या बाजारावर अंमल मात्र निजामाचा नव्हता, रेसिडेंटचा होता. म्हणजे रस्त्याच्या एका अंगाला एक राज्य आणि दुसऱ्या अंगाला दुसरे. इंग्रजी कायद्याचा आसरा मिळतो म्हणून सावकार, पेढीवाले इथे येऊन वसले. 17 जुलै 1857 रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांनी याच कोठीवर हल्ला चढवला होता. पुढे 1933 साली हा बाजार निजामाकडे परत आला आणि तो सुलतान बाजार झाला.

अशा सीमेवरच्या जागी जे राज्यात उघडपणे करता येत नाही ते थोडेफार करता येते. आपल्याकडे सावंतवाडी-बेळगावचा उपयोग गोव्यातल्या लोकांनी करून घेतला, तसाच काहीसा हा प्रकार. आर्य समाज इथे 1892 साली आला. तेलुगू लोकांचे श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे ग्रंथालय 1901 चे. मराठी मंडळींनी जवळच विवेकवर्धिनी ही शाळा 1907 च्या सुमारास उभी केली. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक ही त्यातली नावे. आणखी एक नाव आपल्या शेजारचे आहे. वेदांचे भाष्यकार म्हणून पुढे देशभर गाजलेले श्रीपाद दामोदर सातवळेकर मूळचे सावंतवाडीजवळच्या कोलगावचे, आणि हैदराबादेत ते आले होते चित्रकार म्हणून! गोव्याच्या सीमेवरचा माणूस निजामाच्या राज्यात चित्रे काढतो आणि मराठी शाळेच्या खटपटीत पडतो, हे मला अजून नवलाचे वाटते.

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन 1930 साली आमच्या मडगावला भरले, अध्यक्ष वामन मल्हार जोशी. पुढच्याच वर्षी, 1931 साली, ते हैदराबादेत भरले आणि अध्यक्ष होते ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. एक पोर्तुगीज अमलातले गाव, दुसरे निजामाचे शहर. मराठी ही दोन्हीकडे राज्यकर्त्यांची भाषा नव्हती. 1 नोव्हेंबर 1956 ला हैदराबाद संस्थानाचे तुकडे झाले, मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि हैदराबाद शहरातली मराठी घरे आंध्र प्रदेशात राहिली. मावशीचे सासर त्यातलेच. तिच्या सासूबाई म्हणत, आम्ही कुठे गेलो नाही, महाराष्ट्रच आम्हाला सोडून गेला. अशी माणसे घरातले रीतिरिवाज जास्त घट्ट धरून ठेवतात हे आपण गोंयकारांना सांगायला नको.

असो. आता पाव.

आमच्या घरी (आणि तुमच्याही घरी असेल) एक गोष्ट सांगितली जाई. सासष्टीतल्या एका गावच्या विहिरीत पाद्रींनी पावाचा तुकडा टाकला. गावाने नकळत पाणी प्यायले. दुसऱ्या दिवशी कळले, आणि सगळा गाव बाटला. आमचे पूर्वज देव घेऊन अंत्रुजात आले, ते या भीतीने, असे आजी सांगे. लहानपणी मला या गोष्टीतले खलपुरुष पाद्री वाटत. मोठेपणी दुसरी बाजू दिसू लागली. पाव टाकणारा एक, पण पाणी प्यालेल्यांना जातीबाहेर ठेवणारे त्यांचेच भाऊबंद. चुकून घडलेल्या गोष्टीला परतीची वाट ठेवली नाही ती आपणच. केतकरांचे मोठेपण मला इथे जाणवते. त्यांची पत्नी शीलवतीबाई जन्माने जर्मन ज्यू, एडिथ कोहन. केतकरांनी व्रात्यस्तोमाचा जुना विधी शोधून काढला आणि तिला रीतसर घरात घेतले. बाहेर जायच्या वाटा शंभर असतील, पण आत यायचीही एक वाट पोथीत होती. फक्त कोणी ती पाने उलटत नव्हते.

पुण्यात तरी वेगळे काय होते? 14 ऑक्टोबर 1890 रोजी पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, टिळक आणि इतर मंडळी व्याख्यानाला गेली, तिथे त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे आली. गोपाळराव जोशांनी (डॉ. आनंदीबाईंचे यजमान) ही नावे वर्तमानपत्रातून जाहीर करवली आणि गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. एका कपभर चहापायी! पाव, बिस्किट, केक ही सगळी भट्टीतली बहीणभावंडे. आमच्याकडचा पोदेर तर पाव फुगवायला ताडामाडाची सूर घाली, म्हणजे दुप्पट दोष. आजीच्या हयातीत पाव आमच्या घरात आला, पण माजघरापर्यंत. चुलीकडे कधी नाही.

गाजराचा केक म्हणजे तर अशा संशयितांचे संमेलनच म्हणायला हवे. गाजर आले अफगाणिस्तान-इराणकडून. मूळचे ते जांभळे नि पिवळे, आजचे नारिंगी गाजर हॉलंडातल्या शेतकऱ्यांनी सोळाव्या-सतराव्या शतकात रुळवले. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण आणि कांद्याच्या जोडीला 'गृंजन' वर्ज्य सांगितले आहे. गृंजन म्हणजे गाजर की लाल लसूण, यावर टीकाकारांचे भांडण आहे, पण कित्येक घरांनी ते गाजरच धरले आणि श्राद्धाच्या स्वयंपाकातून गाजर गेले. साखरेचेही तेच. परदेशी साखर हाडांच्या कोळशातून गाळतात म्हणून स्वदेशीच्या चळवळीत ती किती घरांनी टाकली! (हाडांचा कोळसा ही अफवा नव्हती, साखर शुभ्र करायला तो खरोखरच वापरत.) चीज म्हटले की वासराच्या जठरातले विरजण. क्रीम चीज बहुतेक करून दह्यासारखे आंबवूनच करतात, पण सासूबाईंना हे कोण सांगणार? आणि अंडे. अंड्याबद्दल बोलायलाच नको.

केकचा इतिहासही श्रीमंतीचा नाही. साखर महाग होती त्या काळी युरोपात गोडीसाठी गाजर पुडिंगात घालत. दुसऱ्या महायुद्धात, जानेवारी 1940 पासून, ब्रिटनमध्ये साखर रेशनवर आली तेव्हा सरकारच्या अन्न खात्याने 'डॉक्टर कॅरट' नावाचे हसरे गाजर जाहिरातीत उभे केले आणि गाजराचे गोड पदार्थ करा म्हणून बायकांच्या मागे लागले. वर क्रीम चीजचा थर देण्याची पद्धत मात्र अमेरिकेची आणि बरीच अलीकडची, साधारण 1960 नंतर पसरलेली. तिथले क्रीम चीज म्हणजे 1872 च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या विल्यम लॉरेन्स नावाच्या गवळ्याची करामत.

मावशीला हा केक शिकवला बोळाच्या तोंडाशी राहणाऱ्या एका ख्रिस्ती शिक्षिकेने. त्या बाईंनी युद्धाच्या काळात तो शिकून घेतलेला. साठच्या दशकात आपल्याकडेही साखर रेशनच्या दुकानातून मोजून मिळे, त्यामुळे गाजराची युक्ती मावशीला पटली. पण घरात ओव्हन नव्हता. बाईंनी विचारले, भाजणार कशात? मावशी म्हणाली, तवसळीसारखा.

तवसळी म्हणजे काय हे गोव्याच्या वाचकाला सांगायची गरज नाही, पण हैदराबादचा कोणी वाचत असेल त्याच्यासाठी सांगतो. जून तवसे किसायचे, त्यात तांदळाचा रवा, गूळ, खोबरे, आणि पातेल्यात घालून खाली मंद विस्तव नि वर झाकणावर निखारे. सिंधुदुर्गात याला धोंडस म्हणतात. वरून खालून दोन्हीकडून आच देण्याची हीच रीत बेबिंकेची, आणि हीच रीत हैदराबादच्या बिर्याणीची. तिथे तिला 'दम' म्हणतात. देगचीच्या झाकणावर निखारे ठेवणे हैदराबादेत कोणाला नवीन नव्हते. पाणीदार भाजी किसून, रव्या-पिठात मिसळून, गोड करून वरखाली भाजायची, हा पदार्थ आपल्या चुलीवर होताच. फक्त त्याचे नाव केक नव्हते.

सासूबाईंनी नाव ऐकूनच हात झटकला. केक म्हणजे अंडे, अंडे म्हणजे... वगैरे. मावशीने पहिले एक-दोन केक पुढच्या खोलीत स्टोव्हवर, वेगळ्या पातेल्यात केले. मुले आणि काका खात. सासूबाई त्या खोलीत पाय ठेवत नसत.

मी आता ज्या दिवसाबद्दल लिहितो तो 2006 च्या डिसेंबरमधला. काका गेले होते, सासूबाईंना जाऊन कितीतरी वर्षे झाली होती, मुलगी अमेरिकेत. मावशी पंच्याहत्तरीकडे झुकलेली. मी तिच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून गाजरे किसत होतो. बाजारात थंडीतली लांब, लालभडक गाजरे आली होती, हलव्याची. ही केकला चालतात, पण नारिंगीपेक्षा पाणी जास्त, म्हणून कीस जरा दाबून घ्यावा. खिडकीच्या गजाला फडक्यात बांधलेले दही रात्रीपासून टांगले होते.

"हे कशाला?" मी विचारले.

"क्रीम चीज," मावशी म्हणाली आणि हसली.

लेकीकडे न्यू जर्सीला गेली तेव्हा तिने दुकानातला गाजराचा केक पहिल्यांदा खाल्ला. वरचा पांढरा थर जिभेवर ठेवला आणि म्हणाली, हा तर चक्का! परत आल्यावर तिने प्रयोग सुरू केले. पहिले दोन फसले. चक्क्यात साखर घातली की तो पाणी सोडतो, श्रीखंड करणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत आहे, आणि केकवरून सगळे ओघळून ताटात. मग तिला जमलेले गणित असे: एक लिटर दही रात्रभर, बारा तास तरी टांगायचे. निघालेला चक्का वजनाखाली आणखी दोन तास दाबायचा. शंभर ग्रॅम बिनमिठाचे लोणी आधी एकटेच हलके होईपर्यंत फेटायचे, त्यात एक वाटी दळलेली साखर, आणि चक्का अगदी शेवटी, हाताने, घडी घातल्यासारखा. फेटायचा नाही. केक पूर्ण थंड झाल्याशिवाय लावायचा नाही. मी एकदा घाईने मीठ असलेले लोणी वापरले, तो केक आमच्या घरात कोणी विसरलेले नाही.

केकचे प्रमाणही देऊन टाकतो, नाहीतर पत्रे येतील. दोन वाट्या मैदा, दोन चमचे बारीक रवा (ही तवसळीची आठवण), अडीचशे ग्रॅम गाजराचा कीस, सव्वा वाटी साखर, पाऊण वाटी तेल, एक वाटी आंबट दही, एक छोटा चमचा सोडा आणि तेवढीच बेकिंग पावडर, दालचिनी, जायफळ, चिमूटभर मीठ, मूठभर काजू. अमेरिकेत अक्रोड घालतात, मावशी गोव्याचे काजू घाली. दह्याचे आंबटपण आणि सोडा एकत्र आले की वायू सुटतो, तोच अंड्याचे निम्मे काम करतो. म्हणून एकदा दही घातले की रेंगाळायचे नाही. ओव्हन असेल तर 180 अंशांवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटे.

"अंडे नाही घालत?" मी सहज विचारले. शिक्षिकेचा केक अंड्याचा होता हे मला ठाऊक होते.

मावशी बराच वेळ बोलली नाही. पीठ चाळत राहिली.

मग तिने सांगितले ते असे. लग्नानंतर चार-पाच वर्षांनी सासूबाई आजारी पडल्या. तोंडाला चव नाही, अन्नावर वासना नाही. एक दिवस म्हणाल्या, अगं, तू ती तुमच्याकडची तवसळी करतेस ती कर. थंडीचे दिवस, हैदराबादच्या बाजारात तसले तवसे कुठले मिळायला? पुढच्या खोलीत आदल्या दिवशीचा केक झाकून ठेवला होता. अंड्याचा. मावशीने एक तुकडा वाटीत घातला, वर तूप सोडले आणि सांगितले, तवसे मिळाले नाही, गाजराची तवसळी आहे.

सासूबाईंनी खाल्ली. आणखी मागितली. चार दिवसांत हा पहिला घास त्यांच्या पोटात गेला होता.

"त्या रात्री मला आपल्या विहिरीची गोष्ट आठवली रे," मावशी म्हणाली. "पाव टाकणारा कोण होता ते मला कळले. तोही म्हणत असेल, ह्यांच्या भल्यासाठीच करतो मी."

मी काही तरी समजुतीचे बोललो. आजारी माणसाला खायला घालणे आणि गाव बाटवणे एक कसे, वगैरे. तिने ऐकून घेतले, पण पटले नाही. ती म्हणाली, त्यांनी खावे असे मला वाटले, पण ठरवायचे त्यांनी होते. ते मी त्यांच्या हातातून काढून घेतले. यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिने केकमधले अंडे काढून टाकले. स्वतःच्याही, मुलांच्याही. पुढच्या खोलीतले वेगळे पातेले भांडेवाल्याला देऊन टाकले आणि केक चुलीवर, स्वयंपाकघरात, सासूबाईंच्या डोळ्यांदेखत होऊ लागला. दही किती, सोडा किती हे गणित तिने दोन वर्षे चुकत-माकत बसवले. सासूबाई तो शेवटपर्यंत खात राहिल्या, गाजराची तवसळी म्हणूनच. श्राद्धाच्या दिवशी मात्र नाही. त्या दिवशी गाजर नाही म्हणजे नाही.

"त्यांना कधी कळले?" मी विचारले.

"काय माहीत! सांगायचे सांगायचे म्हणता राहून गेले. एकदा मात्र खाता खाता म्हणाल्या, सूनबाई, पहिल्या खेपेची जास्त हलकी झाली होती. आताची जरा बसते." मावशीने चाळणी आपटली. "मी म्हटले, हौ, सोडा कमी पडला असेल. त्या म्हणाल्या, असू दे, हीच बरी आहे."

त्या संध्याकाळी केक कापला तेव्हा बोळातल्या तीन घरांत तो वाटीतून गेला, एका मारवाडी घरात तर खास अंडे नसलेला म्हणून.

आता ते घर नाही. मावशीही नाही. 7 फेब्रुवारी 2020 ला मेट्रोचा नवा मार्ग सुरू झाला, आणि ज्या बाजारातल्या व्यापाऱ्यांनी कित्येक वर्षे त्या मार्गाला विरोध केला त्याच बाजाराच्या डोक्यावर आज सुलतान बाजार नावाचे स्टेशन आहे. कर्कपॅट्रिकच्या कोठीत 1949 पासून मुलींचे कॉलेज भरे, 2022 साली त्याचे महिला विद्यापीठ झाले आणि 2024 मध्ये त्याला चाकली ऐलम्मा हिचे नाव मिळाले. मी शेवटचा गेलो तेव्हा स्टेशनवरून खाली पाहून आमचा बोळ ओळखायचा प्रयत्न केला. भांड्याच्या एका जुन्या दुकानावरून अंदाज आला.

फोंड्याला मी हा केक नाताळात करतो. शेजारच्या कातोलिक घरातून दोदोल नि नेवऱ्या येतात, त्यांना हा जातो. गेल्या वर्षी शेजारीणबाई म्हणाल्या, चांगला आहे, पण एक अंडे घातले असते तर अजून फुगला असता. मी म्हटले, हो, जरा बसतो खरा.